दसऱ्यानंतरची फुलपाखरं, महू ते सिरपूर

पाऊस गेला की फुलपाखरंही गेली, असा बऱ्याच जणांचा समज असतो. माळव्यात घडतं उलट. दसऱ्यापासून गवत पिवळं पडेपर्यंतचे आठवडे पाहणीला फार चांगले, आणि इंदूरकर मंडळी तेव्हाच सिरपूर तलाव नाहीतर रालामंडल अभयारण्य गाठतात.

इथल्या फुलपाखरांच्या नोंदींची जुनी मुळं इंदूरजवळच्या महूच्या लष्करी छावणीत आहेत. कर्नल चार्ल्स स्विन्हो हा लष्करी अधिकारी. १८८३ साली मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी काढणाऱ्या आठ जणांपैकी एक. त्याचा महूच्या फुलपाखरांवरचा आणि पतंगांवरचा निबंध १८८६ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीने छापला. जागा त्याला मोक्याची मिळाली होती. जवळच्या जानापावातून चंबळ उत्तरेला निघते, तर चोरल दक्षिणेला नर्मदेकडे उतरते. पठार आणि घाटातलं रान दोन्ही हाताशी. तेव्हा हातात जाळी आणि टाचण्या असत, आता कॅमेरा असतो.

त्याच १८८६ साली कलकत्त्यात फुलपाखरांचा अभ्यासक लायोनेल द निसेव्हिलने मोठा घोळ सोडवायला घेतला. संध्याकाळी दिव्याकडे येणारं ते तपकिरी फुलपाखरू, कॉमन इव्हिनिंग ब्राउन, पावसाळ्यात पंखाखाली ठळक डोळे मिरवतं. कोरड्या दिवसांत डोळे जवळजवळ पुसले जातात आणि ते वाळक्या पानासारखं दिसतं. या दोन रूपांना वेगळ्या जाती समजून लेडा आणि इस्मेने अशी दोन नावं होती. द निसेव्हिलने अंड्यांपासून फुलपाखरं वाढवली आणि हे एकाच जातीचे दोन वेश असल्याचं दाखवलं. ऑक्टोबरात वेश बदलू लागतो, म्हणून या दिवसांत नुसतं नाव टिपून भागत नाही. तारीख लागते आणि पंखाच्या खालच्या बाजूचा फोटोही.

चतुरांची, म्हणजे ड्रॅगनफ्लायची, पाळी उशिरा आली. शेपटीला दोरा बांधण्यापलीकडे त्यांच्याकडे बघतो कोण! लष्करी डॉक्टर फ्रेझरचे चतुरांवरचे तीन खंड १९३३ ते १९३६ दरम्यान निघाले आणि ओळख पटवायला आधार मिळाला. थव्याने तरंगणारा ‘पँटाला’ नावाचा पिवळसर चतुर मात्र २००९ मध्ये नव्याने चर्चेत आला. ऑक्टोबरपासून मालदीवमध्ये उतरणारे हे चतुर भारतातून निघून वाऱ्यावर समुद्र ओलांडत पूर्व आफ्रिकेकडे जातात, अशी मांडणी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसनने तेव्हा केली. सिरपूरवर असा थवा दिसला, तर आकड्याशेजारी वाऱ्याची दिशाही लिहावी.