बारमधे नाचणारीनेच पेन हातात घेतलं तेव्हा

कॉमिक्समधली स्ट्रिपर म्हटलं की बहुतेकांना ‘सिन सिटी’ या अमेरिकन कॉमिकमधली नॅन्सी आठवते, काऊबॉयच्या वेषात स्टेजवर दोर फिरवणारी. पण तिला रात्रीचे किती मिळतात, मालक कसा वागतो, हे काम तिला कसं वाटतं यातलं काहीच धड कळत नाही, कारण ती आपल्याला दिसते ती तिच्यावर जीव लावणाऱ्या म्हाताऱ्या पोलिसाच्या नजरेतून. मला हाच मुद्दा महत्त्वाचा वाटतो, की बघतंय कोण आणि काढतंय कोण.

मागे जायचं तर अमेरिकेत १९५४ साली कॉमिक्स कोड, म्हणजे प्रकाशकांनी स्वतःवरच घातलेली सेन्सॉरची नियमावली, आला आणि मेनस्ट्रीम अंकांतून नग्नता बादच झाली. साठच्या दशकाच्या शेवटी अंडरग्राउंडवाल्यांनी, म्हणजे कोडबाहेर राहून स्वतंत्रपणे कॉमिक्स छापणाऱ्यांनी, ते बंधन झुगारलं खरं, पण बहुतेक काढणारे पुरुषच, त्यामुळे बाई परत त्यांच्याच कल्पनेतली.

मग आली ओमाहा. रीड वॉलरच्या कॉमिकमधली, माणसासारखी वावरणारी मांजर, क्लबमधे नाचणारी. मिनेसोटात सेंट पॉलला असल्या करमणुकीवर जे कडक कायदे होते त्यांच्या रागातून ती सुचली, १९८४ पासून स्वतःची मालिका निघाली आणि लवकरच लिखाण केट वर्लीकडे गेलं. इथे नाच म्हणजे रोजगार, तो बंद पाडायला निघालेलं राजकारण, मैत्रिणी, प्रेम, सगळंच आहे. १९८६ ला इलिनॉयमधे एका कॉमिक्स दुकानाच्या मॅनेजरला अश्लील अंक विकले म्हणून अटक झाली, त्या अंकांत ओमाहाही होती. शिक्षासुद्धा झाली, अपिलात ती रद्द झाली. त्या केससाठी प्रकाशक डेनिस किचनने पैसे जमवले आणि त्यातूनच कॉमिक्सवाल्यांना कोर्टकचेरीत मदत करणारा फंड उभा राहिला.

पण माझ्या मते खरी उडी कॅनडातल्या माँट्रियलमधे पडली. सिल्वी रांकूर तिथल्या बारमधे नग्न नाच करायची, तिने १९८५ मधे स्वतःच्याच आयुष्यावर फ्रेंचमधे ‘मेलोडी’ काढायला घेतलं, स्वतः छापलं आणि ज्या बारमधे नाचायची तिथल्याच गिऱ्हाइकांना विकलं!! विचार करा, जे तिला बघायला आलेत त्यांच्या हातात ती स्वतःचं बघणं ठेवतेय. रेघा अगदी साध्या, गोल हसरे चेहरे, आणि कुठे रडगाणं नाही की फुशारकी नाही. नाचायला जा हे मुळात जोडीदाराने सुचवलेलं, घर तिच्या कमाईवर चाललेलं, तो उद्योगी माणूस नव्हेच, तरी ती स्वतःला बिचारी म्हणून काढत नाही. मर्जी आणि गरज कशी एकमेकांत गुंतलेली असते ते तिला समजावून सांगावं लागत नाही, नुसतं दिसतं, आणि म्हणून मला ते जास्त खरं वाटतं.

१९८८ पासून मेलोडी इंग्रजीत आली, पण चित्रं जॅक बॉइव्हॅंने नव्याने काढलेली, जास्त सफाईदार. सिल्वीच्या स्वतःच्या हातच्या रेघा इंग्रजी वाचकांपुढे पुस्तकरूपात यायला २०१५ उजाडलं.