मॅटसन, सोफिया

(११ नोव्हेंबर १९८९ – ). स्वीडनची फ्रीस्टाइल कुस्तीपटू. २००९ मध्ये डेन्मार्कमधील हेर्निंग येथे ५१ किलो वजनगटातील जागतिक विजेती आणि २०१६ च्या रिओ दि जानेरो ऑलिंपिकमध्ये ५३ किलो गटातील कांस्यपदकाची मानकरी. या दोन यशांच्या दरम्यान २०१३, २०१४ आणि २०१५ अशा लागोपाठ तीन जागतिक अजिंक्यपद स्पर्धांत तिने अंतिम फेरी गाठली व तिन्ही वेळा जपानच्या साओरी योशिदाकडून पराभव पत्करला. भारतीय वाचकांना तिचे नाव बहुधा विनेश फोगाटच्या लढतींमुळे परिचित असते. मात्र त्या लढती तिच्या कारकिर्दीच्या उतरणीच्या काळातील असून, त्यांवरून तिचा दर्जा जोखणे योग्य ठरणार नाही.

सोफियाचा जन्म स्वीडनच्या अगदी उत्तरेकडील नॉरबॉटन प्रांतातील येलिवारे या गावी झाला. आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेस असलेले हे गाव लोहखनिजाच्या खाणींसाठी ओळखले जाते. तिची बहीण योहाना हीदेखील आंतरराष्ट्रीय दर्जाची कुस्तीपटू असून दोघी रिओ ऑलिंपिकमध्ये एकाच वेळी स्वीडनकडून खेळल्या. इतक्या विरळ वस्तीच्या भागातून महिला मल्ल कशा पुढे आल्या, याचे उत्तर खाणकामगारांच्या अंगमेहनतीच्या परंपरेत शोधण्याचा मोह होतो. पण खाणवस्त्या जगात अनेक ठिकाणी आहेत आणि त्यांतील बहुतेकींतून महिला कुस्तीपटू घडलेल्या नाहीत. स्पर्धांचा इतिहास पाहता दुसरे कारण अधिक सयुक्तिक वाटते. महिलांची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९८७ मध्ये नॉर्वेतील लोरेनस्कॉग येथे भरली. १९९० ची स्पर्धा लूलेओ येथे आणि १९९९ ची बूडेन येथे झाली, आणि ही दोन्ही शहरे नॉरबॉटनमध्येच आहेत. सोफियाच्या जन्मानंतर वर्षभराच्या आत आणि पुन्हा ती शाळकरी वयात असताना जगातील उत्तम महिला मल्ल तिच्याच प्रांतात गादीवर उतरल्या होत्या. महिलांच्या कुस्तीला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले ते २००४ मध्ये, अथेन्स येथे. त्याच्या कितीतरी आधी स्कँडिनेव्हियाने हा खेळ गांभीर्याने घेतला होता, आणि नॉरबॉटनमधील क्लबांना त्याचा लाभ झाला असावा असे मानण्यास जागा आहे.

स्वीडनच्या मुख्य कुस्तीपरंपरेशी मात्र या यशाचा संबंध दूरचाच आहे. उन्हाळी ऑलिंपिकमध्ये त्या देशाला सर्वाधिक पदके मिळवून देणाऱ्या खेळांत कुस्तीचा समावेश होतो. कार्ल वेस्टरग्रेनने १९२०, १९२४ व १९३२ अशा तीन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदके जिंकली, तर मिकाएल ल्युंगबेरीने २००० मध्ये सिडनी येथे सुवर्णपदक पटकावले. परंतु या दोघांची पदके ग्रीको-रोमन प्रकारातील आहेत. त्या प्रकारात कमरेखाली पकड घेण्यास किंवा पायांचा वापर करण्यास मनाई असते. महिलांची ऑलिंपिक कुस्ती केवळ फ्रीस्टाइल प्रकारात होते आणि तिच्यात पट काढणे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे पाय धरून तिला खाली पाडणे, हाच गुण मिळवण्याचा मुख्य मार्ग असतो. म्हणजे ज्या देशाची ख्याती कमरेवरच्या पकडींसाठी होती, त्या देशाच्या मुलींना पायांवरचे हल्ले जवळपास स्वतंत्रपणे आत्मसात करावे लागले.

हेर्निंग येथील २००९ च्या सुवर्णपदकाचे मोल ठरवताना वजनगटांची रचना ध्यानात घ्यावी लागते. त्या काळी महिलांच्या जागतिक स्पर्धा ४८, ५१, ५५, ५९, ६३, ६७ आणि ७२ किलो अशा सात गटांत होत असत. ऑलिंपिकमध्ये यांपैकी ४८, ५५, ६३ आणि ७२ हे चारच गट होते. त्यामुळे ५१ किलोची जागतिक विजेती ऑलिंपिकसाठी एक तर तीन किलो वजन उतरवी किंवा चार किलो चढवून ५५ किलोत जाई. हे दोन्ही पर्याय कष्टाचे होते, आणि दुसऱ्या पर्यायात एक वेगळीच अडचण होती, कारण त्या गटात योशिदा होती. काही संकलक ऑलिंपिकबाह्य गटातील जागतिक पदकांना दुय्यम समजतात. बलाढ्य खेळाडू ऑलिंपिक गटांत एकवटतात, हे त्यामागचे कारण खरे आहे. तथापि हेर्निंगमध्ये सोफिया अवघी १९ वर्षांची होती आणि या वयात कोणत्याही गटात जगज्जेतेपद मिळवणे विरळा, तेव्हा त्या पदकाला कमी लेखण्याचे कारण दिसत नाही.

त्या विजयाच्या वेळी कुस्तीचे नियमही आजच्याहून निराळे होते. २००५ पासून लढत दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असे आणि दोन फेऱ्या जिंकणारी मल्ल विजयी ठरे. एखादी फेरी ०–० अशी बरोबरीत सुटली तर पंच पिशवीतून रंगीत चेंडू काढत. ज्या मल्लाचा रंग निघे, तिला प्रतिस्पर्ध्याचा पाय हातात धरून झुंज सुरू करण्याची मुभा मिळे. ठरलेल्या तीस सेकंदांत तिला गुण घेता आला नाही तर गुण आणि फेरी दोन्ही समोरच्या मल्लाकडे जात. पाय आधीच हाती आलेला असल्याने बहुतेक वेळा सोडत जिंकणारीच फेरी जिंके, आणि या नशिबाच्या भागावर मोठी टीका झाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने २०२० च्या ऑलिंपिकमधील मुख्य खेळांतून कुस्ती वगळण्याची शिफारस केली. त्यानंतर जागतिक महासंघाने घाईने नियम बदलले. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, दोन्हींतील गुणांची बेरीज आणि ताबा (प्रतिस्पर्ध्याला खाली आणून नियंत्रणात ठेवणे) मिळवल्यास एकाऐवजी दोन गुण, हे त्यांतील प्रमुख बदल होत. सप्टेंबर २०१३ मध्ये ब्युनॉस आयरीस येथील मतदानात कुस्तीला पुन्हा स्थान मिळाले आणि लगेचच बुडापेस्ट येथे नव्या नियमांची पहिली जागतिक स्पर्धा भरली. दोन्ही नियमपद्धतींत जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी गाठणे सोफियाला साधले. फेरीगणिक डाव टाकण्याची सवय असलेल्या मल्लांना सहा मिनिटांची सलग बेरीज सांभाळणे अवघड गेले असता, हे यश उल्लेखनीय आहे.

बुडापेस्टमध्ये ती ५५ किलो गटात खेळली आणि अंतिम लढतीत योशिदाकडून हरली. २०१४ पासून वजनगटांची फेररचना होऊन ऑलिंपिकचे गट चारवरून सहा झाले आणि त्यांत ५३ किलो हा नवा गट आला. पूर्वी ५१ व ५५ यांच्यामध्ये अडकलेल्या मल्लांना हा गट सोयीचा होता. पण योशिदाही त्याच गटात उतरल्याने सोफियाच्या पदरी फारसे काही पडले नाही. ताश्कंद (२०१४) आणि लास व्हेगास (२०१५) या दोन्ही ठिकाणी अंतिम फेरीत पुन्हा याच दोघी समोरासमोर आल्या. लास व्हेगासची लढत योशिदाने २–१ अशी जिंकली. एका ताब्याला दोन गुण असलेल्या पद्धतीत एका गुणाचे अंतर म्हणजे एका यशस्वी पटाहूनही कमी. योशिदाच्या प्रदीर्घ कारकिर्दीत जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत तिला इतके जखडून ठेवणाऱ्या मल्ल फार नव्हत्या. लास व्हेगासच्या स्पर्धेत पहिल्या सहांत येणाऱ्यांना ऑलिंपिकची जागा मिळणार होती, त्यामुळे या रौप्यपदकाने स्वीडनचा ५३ किलोतील रिओ प्रवेशही निश्चित झाला.

योशिदाच्या विजेतेपदांची संख्या संदर्भसाहित्यात कधी १३, तर कधी १६ अशी आढळते. २००२ ते २०१५ या काळातील जागतिक अजिंक्यपदे १३ होतात. त्यांत अथेन्स, बीजिंग व लंडन येथील तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली की १६ होतात. जागतिक अजिंक्यपद आणि ऑलिंपिक या स्वतंत्र स्पर्धा असल्याने पहिला आकडा वापरणे अधिक काटेकोर ठरते. २००२ पासून रिओ ऑलिंपिकपर्यंत योशिदा हरली ती दोनदाच, २००८ मध्ये आणि २०१२ मध्ये, आणि दोन्ही वेळा सांघिक विश्वचषक स्पर्धेत. पैकी २०१२ मध्ये तिला नमवणारी रशियाची व्हॅलेरिया झोलोबोव्हा पुढे कोब्लोव्हा या नावाने खेळली. रिओत भारताच्या साक्षी मलिकला उपउपांत्य फेरीत हरवणारी मल्ल हीच.

रिओमध्ये महिलांच्या लढती १७ व १८ ऑगस्ट २०१६ रोजी झाल्या. पहिल्या दिवशी ५८ किलो गटात योहाना मॅटसनची पहिलीच लढत साक्षी मलिकशी होती आणि साक्षीने ती ५–४ अशी निसटती जिंकली. त्याच सायंकाळी साक्षीने कांस्यपदक मिळवले. भारतीय महिला कुस्तीचे ते पहिले ऑलिंपिक पदक होय. योहानाला मात्र दुसरी संधी लाभली नाही, ती रेपेचाजच्या नियमामुळे. या पद्धतीत अंतिम फेरीत पोहोचलेल्या मल्लाकडून हरलेल्यांनाच पुन्हा खेळता येते. साक्षी ज्या कोब्लोव्हाकडून हरली ती अंतिम फेरीत गेली, म्हणून साक्षीला रेपेचाज मिळाले. साक्षी स्वतः अंतिम फेरीत गेली नाही, म्हणून योहानाला ते नाकारले गेले. त्याच दिवशी ६९ किलोत येनी फ्रान्सनने स्वीडनला महिला कुस्तीतील पहिले ऑलिंपिक पदक, कांस्य, मिळवून दिले.

दुसऱ्या दिवशी सोफिया ५३ किलोत उतरली. भारताची बबिता कुमारी याच गटात होती, परंतु ग्रीसच्या मारिया प्रेव्होलाराकीकडून हरल्याने तिचे आव्हान पहिल्याच लढतीत संपले. त्या ऑलिंपिकमध्ये मानांकने नव्हती, सर्व काही सोडतीवर अवलंबून होते. सोडतीत योशिदा दुसऱ्या अर्ध्या भागात गेल्याने अंतिम फेरीपूर्वी तिच्याशी गाठ पडणार नव्हती. पण सोफियाच्या भागात अमेरिकेची हेलेन मारूलिस होती. उपांत्य फेरीत मारूलिसने सोफियाला हरवले आणि अंतिम लढतीत योशिदालाही ४–१ असे नमवून अमेरिकेला महिला कुस्तीतील पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. उपांत्य फेरीत हरणारी मल्ल थेट कांस्यपदकाच्या लढतीस पात्र ठरते आणि तिची गाठ रेपेचाज जिंकून आलेल्या मल्लाशी पडते. ही लढत जिंकून सोफियाने कांस्यपदक मिळवले. त्या गटातील दुसरे कांस्यपदक अझरबैजानच्या नतालिया सिनिशिनला मिळाले. सोफियाचा त्या स्पर्धेतील एकमेव पराभव विजेत्या मल्लाकडून झाला होता.

२०१८ पासून पुन्हा नियम बदलले. जागतिक स्पर्धेत महिलांचे दहा गट झाले. एका गटाच्या लढती दोन दिवसांत विभागल्या गेल्या आणि दोन्ही दिवशी सकाळी वजन घेतले जाऊ लागले. पूर्वी आदल्या संध्याकाळी वजन भरून रात्रभर शरीर सावरता येत असे, ती सवलत संपली. या बदलामुळे अनेक मल्लांनी गट बदलले. पूर्वी ४८ किलोत खेळलेली विनेश फोगाट ५० किलोमार्गे २०१९ मध्ये ५३ किलोत आली आणि सोफियाच्या वाटेत उभी राहिली. कझाकस्तानमधील नूर-सुलतान (आताचे अस्ताना) येथील २०१९ च्या जागतिक स्पर्धेत विनेशने तिला १३–० असे हरवले. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी होताच तांत्रिक गुणाधिक्यावर लढत थांबते. गुणफलक त्यापुढे गेला तो शेवटच्या डावाचे गुण एकदम मिळाल्यामुळे. विनेशने पुढे त्या स्पर्धेत कांस्यपदक आणि टोकियोची जागा मिळवली.

करोनामुळे वर्षभर लांबलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ५ ऑगस्ट २०२१ रोजी दोघींची पुन्हा पहिल्याच लढतीत गाठ पडली. विनेश ७–१ अशी जिंकली खरी, पण पुढच्या फेरीत बेलारूसच्या व्हानेसा कालाद्झिन्स्कायाने तिला चितपट केले. कालाद्झिन्स्काया उपांत्य फेरीत पराभूत झाल्याने विनेशचे रेपेचाज गेले आणि सोफियाचेही. पाच वर्षांपूर्वी योहानाला ज्या नियमाने बाहेर ठेवले, त्याच नियमाने येथे दुसऱ्या बहिणीची वाट अडवली.

स्वीडनच्या ५३ किलो गटाची धुरा नंतर योना माल्मग्रेनकडे आली. भारतीय मल्लांशी सामना होण्याचा योग तिच्याही वाट्याला आला. बेलग्रेड येथील २०२२ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदकाच्या लढतीत विनेशने तिला ८–० असे हरवले. २०२३ मध्ये त्याच शहरात कांस्यपदकाच्याच लढतीत अंतिम पंघालने तिच्यावर १६–६ असा विजय मिळवून पॅरिस ऑलिंपिकमधील ५३ किलोची भारताची जागा निश्चित केली. एका गटात एका देशाला एकच जागा असल्याने पुढे विनेशने पॅरिससाठी ५० किलो गटाचा मार्ग धरला.