‘स्टेशनरी’ची दोन स्पेलिंगे: ब्रिटिश-अमेरिकन भेद नव्हे

इंदूरच्या खजुरी बाजारात वह्या-पुस्तकांच्या दुकानांवर ‘स्टेशनरी’ हा इंग्रजी शब्द कुठे शेवटच्या ‘आर’आधी ‘ए’ घालून, तर कुठे ‘ई’ घालून लिहिलेला दिसतो. यावर वर्षानुवर्षे फिरणारा समज असा, की एक रूप ब्रिटिश आणि दुसरे अमेरिकन, म्हणून कोणतेही चालते.

वस्तुस्थिती अशी, की हे दोन वेगळे शब्द आहेत आणि दोन्ही देशांत ते सारखेच लिहिले जातात. ‘ए’ असलेला शब्द विशेषण असून त्याचा अर्थ ‘स्थिर, एका जागी थांबलेला’ असा होतो. कागद, पाकिटे, लेखनसाहित्य यांसाठी ‘ई’ असलेलाच शब्द लागतो. गोंधळाचे मूळ समजण्यासारखे आहे, कारण उच्चार एकच आणि उगमही एकच: फेरीवाल्याप्रमाणे न फिरता एका जागी दुकान मांडून बसणाऱ्या, बहुधा पुस्तके विकणाऱ्या व्यापाऱ्याला मध्ययुगात ‘स्टेशनर’ म्हणत, आणि त्याचा माल तो ‘ई’वाला शब्द.

समज अगदीच निराधार नाही. ‘कलर’मधला ‘यू’ ब्रिटिश लेखनात असतो, अमेरिकनमध्ये नसतो. ‘प्रॅक्टिस’चे प्रकरण तर अधिकच घोटाळ्याचे, कारण ब्रिटिश लेखनात नामाला ‘सी’ व क्रियापदाला ‘एस’, तर अमेरिकेत सहसा दोन्हींना ‘सी’ लिहितात.

पडताळण्यासाठी कोणताही चांगला इंग्रजी शब्दकोश उघडावा: निव्वळ स्पेलिंगभेद असेल तर दोन्ही रूपांना एकच अर्थ दिलेला असतो आणि प्रदेशाचा उल्लेख असतो, शब्दच वेगळे असतील तर नोंदी व अर्थ स्वतंत्र असतात. संगणकाच्या साध्या स्पेलिंग-तपासणीवर मात्र विसंबू नये, कारण दोन्ही रूपे तिच्या लेखी बरोबरच असतात.