सोसायटीतलं श्रमदान

सोसायटीतलं श्रमदान म्हणजे सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आवारातली साफसफाई, झाडं लावणं-जगवणं, रंगकाम वगैरे कामं तिथेच राहणाऱ्या लोकांनी पैसे न घेता करणं. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक आणि आता तालुक्याच्या गावांतल्या कॉलन्यांतही हे चालतं, साधारणपणे रविवारी सकाळी, आणि ठरलेल्या वेळेपेक्षा अर्धा तास उशिराच.

श्रमदानाची खरी परंपरा गावाकडची. गाडगेबाबा (१८७६-१९५६) गावात शिरले की आधी हातात झाडू, मग रात्री कीर्तन, आणि त्यांच्याच नावाने राज्य सरकारने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. शहरात ती सवय चाळीच्या सामाईक अंगणात थोडीफार होती पण फ्लॅट आले तसं आवार "सोसायटीचं" झालं, म्हणजे कोणाचंच नाही. मुंबईत १९९० च्या दशकाच्या शेवटी महापालिकेने गल्लीगल्लीतल्या रहिवाशांना कचरा आणि सुशोभीकरणात ओढायला एएलएम (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) ही योजना आणली, घाटकोपरची जोशी लेन हे तिचं सुरुवातीचं आणि सगळ्यात गाजलेलं उदाहरण.

मुहूर्त बहुतेक ठिकाणी ठरलेले. २६ जानेवारीला झेंडावंदन (मुंबईत बऱ्याच सोसायट्यांत त्याच दिवशी सत्यनारायणाची पूजा) म्हणून आदल्या रविवारी आवार झाडायचं, झाडांच्या बुंध्याला गेरू आणि चुन्याचे पट्टे मारायचे, मग गणपतीच्या आधी एकदा. वृक्षारोपण मात्र ५ जूनला ठेवतात ते जरा घाईचं होतं कारण तोवर पाऊस नीट लागलेला नसतो, जुलैचा पहिला आठवडा म्हणजे वनमहोत्सवाचा, तो बरा, पण फोटोला पर्यावरण दिनच लागतो.

लावणं सोपंच आहे. अवघड असतो खड्डा. बिल्डरने जाताना वरवर फूटभर लाल माती पसरलेली असते, त्याखाली पहार मारली की खण्ण आवाज येतो आणि मग टाइल्सचे तुकडे, सिमेंटचे गठ्ठे, विटा, गंजलेली सळई असं सगळं निघतं, चार माणसांची सकाळ दोन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यात जाते आणि घमेली वाहणारी पोरं दहा वाजता क्रिकेटला पळतात. तरी खड्डा पुरता रिकामा करून त्यात चांगली माती, शेणखत, थोडी निंबोळी पेंड आणि पालापाचोळा घालायलाच पाहिजे. राडारोड्यात लावलेलं झाड वर्षभर तसंच्या तसं उभं राहतं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात जातं. खरी परीक्षा एप्रिल-मेची, नेमकी सगळे गावाला गेलेले, टँकर चालू, आणि "झाडांना पाणी घालायचं की माणसांना" हा प्रश्न ग्रुपवर हमखास पडतो. ज्या सोसायटीत पाणी घालायची पाळी नावानिशी नोटीस बोर्डावर लागते तिथे झाडं जगतात, बाकी ठिकाणी माळी जगवेल तेवढीच.

झाडांच्या निवडीत फॅशन चालते. एकेकाळी गुलमोहर (मूळचा मादागास्करचा, पावसाळ्यात फांदी गाडीवर), नंतर खोटा अशोक, सरळ वाढतो आणि पार्किंगची जागा खात नाही म्हणून. हल्ली बहावा, बकुळ, करंज आणि राज्यफूल तामण यांना मागणी आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. नारळ सगळ्यांना हवा असतो, खाली गाडी लावणाऱ्याला सोडून. पाइपाच्या फटीत उगवलेल्या पिंपळाला मात्र हात लावायला कोणी तयार होत नाही, तो भिंत फोडेपर्यंत वाढतो.

हौशी लोकांना कायदा उशिरा कळतो. महाराष्ट्राच्या नागरी भागातल्या १९७५ च्या वृक्ष कायद्यामुळे आवारातलं झाड सोसायटीचं असलं तरी तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, पावसाळ्याआधी फांद्या छाटायच्या तरी पालिकेकडे अर्ज करावा लागतो, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरची झाडं हेरिटेज धरली जातात. पालापाचोळा जाळायला बंदी आहेच. तो कोपऱ्यात जाळीच्या पिंजऱ्यात दाबून अधूनमधून ओला केला, शेणाचं पाणी शिंपडलं, की काही महिन्यांत काळं भुरभुरीत खत मिळतं. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं, तेव्हापासून कंपोस्टचं काम हौसेचं राहिलं नाही. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा कोरड्या करणं हेसुद्धा श्रमदानच, डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात.

भांडणं ठरलेलीच. पहाटे साडेपाचला पिशवी घेऊन जास्वंद आणि पारिजातक वेचून नेणारे काका-काकू (देवासाठीच नेतो हो!), बॉलने मोडलेली कुंडी, आणि "मेंटेनन्समध्ये माळ्याचे पैसे घेता मग आम्ही का राबायचं" हा सवाल. सवाल चुकीचा नाहीये, पण माळी एक दिवसाआड तासभर येतो. आंबे कोणाचे यावर तर सर्वसाधारण सभेत गॅस आणि लिफ्टपेक्षा जास्त वेळ जातो. सामाईक जमिनीवरचं फळ संस्थेचं, मग कुठे फ्लॅटमागे सारखे वाटतात, कुठे आवारातच विकून पैसे बागेच्या खात्याला लावतात. तळमजल्यावाल्याने खिडकीखालच्या पट्ट्याला कुंपण घालून तो "आमचा बगीचा" केला की प्रकरण थेट कमिटीत, कधी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांपर्यंतही जातं.

रिडेव्हलपमेंट आलं की बरंचसं पुन्हा पहिल्यापासून. जुन्या इमारतीभोवतीची जमीन खोदून खाली पार्किंग होतं, बाग वर पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर, जाते, स्लॅबवरच्या उथळ मातीत लॉन आणि शोभेची झुडपं येतात, आंबा-फणसाची मुळं तिथे मावत नाहीत. त्याची देखभाल बहुतेक ठिकाणी एजन्सीकडे असते, रहिवाशांच्या वाट्याला गेटबाहेरच्या फुटपाथवरची दोन-चार झाडं आणि त्यांच्या बुंध्याला आवळलेलं काँक्रीट फोडून आळं मोकळं करणं, तेही वॉर्ड ऑफिसला विचारून.