वांगं पारड्याच्या कडेला ठेवलं तरी वजन तेवढंच कसं?

हिवाळा लागला की आपल्या खान्देशात भरीत पार्ट्या सुरू, आणि बाजारात काही जणांकडे अजून तो जुना काटा दिसतो, पारडी वर आणि दांड्या खाली असलेला. एका आजींकडून भरताचं वांगं घेत होतो, हिरवंगार, चांगलं मोठं, ते पारड्यात घरंगळत पार कडेला गेलं. मी म्हटलं आजी मधे घ्या ना, तर म्हणे "राहू दे रे भाऊ, कुठंबी ठेव, वजन तेच भरीन." मधे ठेवून पाहिलं, खरंच तेच भरलं, ६०० ग्रॅम.

आता सी-सॉवर मागे सरकून बसलेलं पोरगं जड पडतं हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, मग इथे का नाही? असा काटा फ्रेंच गणितज्ञ रोबरव्हाल यांनी १६६९ मधे मांडला होता. दांड्या दोन असतात, एकीखाली एक, समांतर, त्यामुळे पारडं खालीवर होताना कलत नाही, आडवंच राहतं.

याचं मला सगळ्यात आवडणारं उत्तर म्हणजे व्हर्च्युअल वर्क, मराठीत आभासी कार्य. काटा स्थिर आहे ना, राहू द्या, फक्त मनातल्या मनात वांग्याचं पारडं १ मिलिमीटर खाली न्या, म्हणजे वजनांचं १ मिलिमीटर वर जाईल. कार्य म्हणजे बल गुणिले त्या बलाच्या दिशेने सरकलेलं अंतर, आणि काटा समतोल असेल तर या कल्पनेतल्या हालचालीत सगळ्या बलांच्या कार्याची बेरीज शून्य यायलाच पाहिजे. पारडं कलतच नाही म्हणजे वांगं मधे असो की कडेला, ते १ मिलिमीटरच उतरणार, म्हणून समोर ६०० ग्रॅमच लागणार! समजा वजनांच्या बाजूची दांडी दुप्पट लांब केली तर ती बाजू २ मिलिमीटर वर जाईल आणि ३०० ग्रॅममधेच भागेल.

आणि खरी मजा अशी की सांध्यांमधल्या खिळ्यांवर किती जोर येतो हे काढायची गरजच पडत नाही, मधला टेकू हलत नाही म्हणून त्याचं कार्य शून्य, बाकी सांध्यांतली बलं जोडीजोडीने एकमेकांना खोडतात. स्विस गणितज्ञ योहान बर्नूली यांनी १७१५ मधे फ्रेंच गणितज्ञ वारिन्यों यांना पत्रात हे तत्त्व सर्वसाधारण रूपात लिहिलं, आणि १७८८ मधे गणितज्ञ लाग्रांज यांनी त्याच पायावर अख्खं यंत्रशास्त्र उभं केलं.

फक्त हे सगळं घर्षण नसेल तेव्हाचं. वांगं कडेला गेलं की पारडं कलायला बघतं, ते दोन्ही दांड्या मिळून अडवतात, एक ओढते एक रेटते, म्हणून खिळ्यांवर दाब वाढतो, आणि काटा गंजलेला असला तर तिथेच अडकून बसतो. आजींचा काटा मात्र नुसतं बोट लावलं तरी डुलायचा, खिळ्यांवर तेल चकाकत होतं.