जखमेचा व्रण आणि डिसॅबिलिटी पेन्शनचं अपील : फाईल आणण्याआधी हे वाचा

आम्ही डिसॅबिलिटी पेन्शनच्या, म्हणजे नोकरीतल्या अपंगत्वाबद्दल मिळणाऱ्या पेन्शनच्या, अपिलांचे मसुदे करून देतो. आमच्याकडे येणारे बरेच माजी सैनिक खुर्चीत बसायच्या आधीच पँट गुडघ्यापर्यंत वर करतात. "साहेब, हा व्रण बघा. एवढं होऊनसुद्धा केस रिजेक्ट केली." व्रण खरा असतो आणि त्यामागची जखमही खरी असते. तरीही नुसत्या व्रणावर अपील उभं राहत नाही. हे आम्ही रोज तोंडी सांगतो. आता लिहून देतो, म्हणजे घरच्यांनाही वाचता येईल.

अपील कमिटी आधी तुमचा पाय बघत नाही, तुमचे कागद बघते. त्या कागदांत दोन वेगळे प्रश्न असतात. पहिला प्रश्न, जखम नोकरीमुळे झाली किंवा वाढली का? दुसरा, त्यामुळे अपंगत्व किती टक्के? रिजेक्शनच्या पत्रात यांपैकी नेमकं काय नाकारलंय ते आधी बघा. पहिल्यावर नकार असेल आणि अपिलात तुम्ही दोन पानं दुखण्याबद्दल लिहिली, तर ती वाया जातात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एकाच कागदात असतं : इंज्युरी रिपोर्ट, म्हणजे आय.ए.एफ.वाय.-2006. जखम झाली तेव्हा तुम्ही ड्युटीवर होता की नाही, हे त्यावर कमांडिंग ऑफिसरच्या सहीनं लिहिलेलं असतं. जखम गंभीर असेल तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्कराची अंतर्गत चौकशीही झालेली असते. पुष्कळ जण विचारतात, "भरतीच्या मेडिकलमध्ये हा व्रण नोंदलेला नाही, मग एवढं पुरे नाही का?" धरमवीर सिंग खटल्यात 2013 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की भरतीच्या वेळी नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असं धरायचं. आजाराच्या केसमध्ये याचा मोठा आधार मिळतो. जखमेच्या केसमध्ये मात्र त्यानं व्रण भरतीनंतरचा आहे एवढंच ठरतं. तो ड्युटीवर झाला की सुट्टीत गावच्या रस्त्यावर मोटारसायकल घसरून, हे वेगळं दाखवावं लागतं. वार्षिक रजेवर गावी झालेल्या अपघाताचा नोकरीशी संबंध नाही, असं जुझार सिंग खटल्यात 2011 साली न्यायालयानं म्हटलं आहे. अशी केस असेल तर आम्ही पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगतो आणि पैसे घेऊन आशेवर ठेवत नाही.

आता टक्केवारी. नेहमीच्या पद्धतीनं पेन्शनवर घरी आलेल्याला 20 टक्क्यांच्या खाली असेल तर डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे पेन्शनमधला अपंगत्वाचा हिस्सा, मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये एस. पी. राठोर खटल्यात हे पक्कं केलं. 20 किंवा त्याहून जास्त पण 50 पेक्षा कमी असेल, तर राउंडिंग ऑफ होऊन 50 धरतात. राम अवतार खटल्यानंतर (10 डिसेंबर 2014) हा फायदा मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही आहे. शेवटचा पगार 40,000 रुपये धरला, तर 100 टक्क्यांना त्याच्या 30 टक्के म्हणजे महिना 12,000 आणि 50 टक्क्यांना 6,000. म्हणजे मेडिकल बोर्डानं (तपासणी करून टक्के ठरवणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळानं) 19 लिहिलं तर शून्य आणि 20 लिहिलं तर सहा हजार. बोर्ड आउट होऊन, म्हणजे आजार-जखमेमुळे मुदतीआधी घरी आलेल्यांचा मुद्दा वेगळा आहे. त्यांच्यासाठी सुखविंदर सिंग खटल्याचा 2014 चा निकाल उपयोगी पडतो.

हे टक्के व्रणाच्या लांबीवर ठरत नाहीत. व्रणामुळे काय अडतं, त्यावर ठरतात. भाजल्याच्या व्रणानं कोपर सरळ होत नाही, गुडघ्यावरची कातडी आत चिकटल्यामुळे मांडी घालता येत नाही, व्रणाच्या खाली पाऊल बधिर आहे, व्रण वाढून बुटाला घासतो आणि पुन्हा फुटतो, या गोष्टी मेडिकल बोर्डाच्या कागदात लिहिलेल्या हव्यात. आणि इथेच आपले जवान मार खातात. रिलीज मेडिकल बोर्डासमोर, म्हणजे निवृत्तीच्या वेळच्या तपासणीत, "काही त्रास?" असं विचारलं की वीस वर्षांच्या सवयीनं "ठीक आहे सर" असं उत्तर निघतं. घरी जायची घाई असते, वर सही होते. मग कागदावर फक्त फ्रॅक्चर ऑपरेट झाल्याची नोंद राहते, व्रणाचा त्रास कुठेच नसतो. ज्यांचं बोर्ड अजून व्हायचंय त्यांनी ते होण्याआधी या. त्या भेटीचे आम्ही पैसे घेत नाही.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक. बोर्डाची कार्यवाही, म्हणजे ए.एफ.एम.एस.एफ.-16 हातात नसताना घाईनं फर्स्ट अपील पाठवलं जातं. कुणाचं तरी जुनं अपील घेतात, नाव-नंबर बदलतात, व्रणाचे चार फोटो आणि खासगी डॉक्टरचा दाखला लावून स्पीड पोस्ट करतात. त्या दाखल्यानं बोर्डाचं मत आपोआप बदलत नाही. अपील फेटाळलं जातं, एक पायरी वाया जाते, आणि मग ते आमच्याकडे येतात. बोर्डानं काय लिहिलं हे न वाचता त्याला उत्तर देता येत नाही. जवानांचे नोकरीचे कागद सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला (मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगाव, तोफखान्याचं नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्सचं खडकी) अर्ज करून, नाही मिळालं तर दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात ती कॉपी मागवा. पण मुदतीकडे लक्ष असू द्या : रिजेक्शनचं पत्र मिळाल्यापासून फर्स्ट अपीलला सहा महिने, पुढे सेकंड अपील, आणि त्यानंतर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलचं (सैन्यदलांच्या न्यायाधिकरणाचं) मुंबई खंडपीठ. सहा महिने अपिलाचं उत्तरच आलं नाही, तरी ट्रायब्युनलमध्ये जाता येतं. म्हणून पत्राचं पाकीट फेकू नका. त्यावरचा पोस्टाचा शिक्का कामाला येतो.

जुनी केसही उघडता येते, पण उशीर फुकट नसतो. तरसेम सिंग खटल्याप्रमाणे (2008) साधारण मागच्या तीन वर्षांचीच थकबाकी मिळते. आज उद्या करताना दर महिन्याला एक जुना महिना हातून जातो.

आमच्या फीबद्दल काही जण कुरकुरतात. फाईल वाचायची आणि मसुदा करायची फी आम्ही आधी ठरवतो आणि पावती देतो. मिळणाऱ्या थकबाकीत टक्का मागत नाही, आणि जे मागतात त्यांच्यापासून लांब राहा. ट्रायब्युनलसाठी वकील तुम्ही निवडायचा. आम्ही त्याच्या हातात तारखेप्रमाणे लावलेली फाईल देतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विनामूल्य मदत मिळते, साधी केस असेल तर तिकडे जा, असं आम्हीच सांगतो. गुंता असेल, कागद चार ठिकाणी विखुरले असतील, तर आमच्याकडे रेकॉर्ड ऑफिसची भाषा आयुष्यभर लिहिलेले निवृत्त हेडक्लार्क बसतात.

21 सप्टेंबर 2023 पासून पुढे निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागू आहेत. त्यांनी वरचे हिशेब स्वतःला लावू नयेत, येऊन विचारावं.

येताना डिस्चार्ज बुक, पी.पी.ओ. (पेन्शन मंजुरीचा आदेश), रिजेक्शनचं पत्र पाकिटासकट, बोर्डाची कॉपी आणि हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप आणा. व्रणाचा फोटो काढायचा तर बाजूला मोजपट्टी ठेवून, आणि सांधा जिथपर्यंत वळतो तिथपर्यंत वळवून काढा. मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही. झेरॉक्स काढून तुमच्यासमोर परत देतो.