नायटा, स्टेरॉइडची ट्यूब आणि औषधाला न जुमानणारी बुरशी

जांघेत खाज सुटली की डॉक्टरकडे जाण्याआधी मेडिकलच्या दुकानात जाऊन दबक्या आवाजात "खाजेची ट्यूब द्या" असे सांगणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. मिळालेल्या ट्यूबच्या वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचली, तर तिच्यात अनेकदा एकाच वेळी तीन-चार औषधे आढळतात: ऑफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडाझोल ही जंतुनाशके, बुरशीसाठी टर्बिनाफिन किंवा इट्राकोनाझोल आणि या सर्वांच्या सोबतीला क्लोबेटासोल नावाचे अतितीव्र स्टेरॉइड. गेल्या दशकभरात भारतातल्या नायट्याचे, म्हणजेच गजकर्णाचे, रूप पालटले आहे आणि त्याची कारणे शोधणारे त्वचारोगतज्ज्ञ पुन्हा पुन्हा या ट्यूबकडे बोट दाखवतात.

नायट्याची बुरशी कातडीच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरातल्या केरॅटिन या प्रथिनावर जगते आणि सहसा त्याखालच्या जिवंत थरात शिरत नाही. शरीर तिला विरोध करते, त्यामुळे कडेला लाली, खवले आणि खाज दिसते, तर मधला भाग त्या मानाने निवळत जातो. नायट्याचे ओळखीचे कडे असे तयार होते. स्टेरॉइड नेमका हाच विरोध दाबून टाकते. दोन दिवसांत खाज थांबते, लाली ओसरते आणि गुण आल्यासारखे वाटते. बुरशी मात्र पसरतच असते. ट्यूब थांबवली की चट्टे अधिक जोमाने उठतात आणि रुग्ण पुन्हा तीच ट्यूब आणतो. असे महिनोन्महिने चालले की कडे विस्कटून नायटा नायट्यासारखा दिसेनासा होतो, मांडीच्या आतली कातडी पातळ पडते आणि तिच्यावर कायमचे वळ उमटतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री रोखण्यासाठी नियम बदलला. काउंटरवरचा व्यवहार त्याने किती बदलला, हे कोणत्याही गल्लीतल्या दुकानात पाच मिनिटे उभे राहिल्यास समजते.

याच काळात बुरशीची जातही बदलली. पूर्वी भारतातल्या रुग्णांमध्ये ट्रायकोफायटॉन रुब्रम ही जात प्रामुख्याने सापडत असे; पुढे तिची जागा ट्रायकोफायटॉन मेंटाग्रोफायटिस गटातल्या एका बुरशीने घेतली. जपानमधल्या भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून तिथल्या संशोधकांनी २०२० मध्ये तिला स्वतंत्र जात ठरवले आणि ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. तिचा खरा त्रास टर्बिनाफिनच्या बाबतीत आहे. बुरशीच्या पेशीपटलाला एर्गोस्टेरॉल हा घटक लागतो आणि तो तयार करताना स्क्वॅलीन एपॉक्सिडेज नावाचे विकर (एन्झाइम) कामी येते. टर्बिनाफिन या विकरात जाऊन बसते, एर्गोस्टेरॉलची निर्मिती खुंटते, पेशीत स्क्वॅलीन साठत जाते आणि बुरशी मरते. इंडोटिनीच्या अनेक नमुन्यांत या विकराच्या साखळीतील ३९७ व्या जागी फेनिलअ‍ॅलनीनऐवजी ल्युसिन हे अमिनो आम्ल आढळते. बदल एवढाच, पण त्यामुळे औषधाला तिथे नीट बसता येत नाही, आणि विकराचे स्वतःचे काम मात्र चालू राहते. टर्बिनाफिनला दाद न देणाऱ्या अशा बुरशीची नोंद दिल्लीतल्या संशोधकांनी २०१८ मध्येच केली होती.

मग हा बदल स्टेरॉइडने घडवला का? तसे सरळ म्हणता येणार नाही. जनुकातले बदल आपोआप घडत असतात. स्टेरॉइड ते घडवत नाही. मात्र ज्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आणि टर्बिनाफिन एकत्र आहेत, ती चार दिवस लावून सोडून दिली, तर कच्ची बुरशी मरते, चिवट बुरशी उरते आणि तिला रोखणारी प्रतिकारशक्तीही दबलेली असते. हा तर्क सबळ आहे, पण तो अजून तर्कच आहे.

मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने इंडोटिनीची लागण झालेल्या न्यूयॉर्कमधल्या दोन स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. एक बांगलादेशाहून परतलेली होती, तर दुसरीने परदेश प्रवास केलेलाच नव्हता. दोघींनाही टर्बिनाफिनने उतार पडला नाही. परदेशी न गेलेली स्त्री इट्राकोनाझोलने बरी झाली, तर बांगलादेशाहून परतलेलीला ग्रिझियोफल्विन या बुरशीविरोधी औषधाने बराच आराम पडला. पुढच्याच वर्षी त्याच शहरातून मेंटाग्रोफायटिसच्या सातव्या जनुकीय प्रकाराची बातमी आली. हा प्रकार शरीरसंबंधातून पसरतो, त्याचे चट्टे जननेंद्रियांवर, नितंबांवर आणि चेहऱ्यावर उठतात, आणि फ्रान्समध्ये आढळलेले बहुतेक रुग्ण समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष होते. तो सहसा टर्बिनाफिनला दाद देतो, पण बरा व्हायला महिने लागू शकतात. इंडोटिनी मात्र घरातल्या सामाईक टॉवेल-कपड्यांतून आणि अंगाला अंग लागून पसरते, त्यामुळे नायटा झालेल्या प्रत्येकाकडे संशयाने पाहण्याचे काही कारण नाही.

उलट बाजूही ध्यानात घ्यावी लागते. सिफिलिस या गुप्तरोगाच्या दुसऱ्या अवस्थेत अंगावर उठणारे चट्टे कधीकधी नायट्यासारखेच गोल कड्यांचे असतात, म्हणून लैंगिक संबंधांचा इतिहास विचारणे आणि गरज वाटल्यास सिफिलिससाठीची रक्ताची व्हीडीआरएल चाचणी करणे हा तपासणीचाच भाग ठरतो. आपल्या रुग्णालयांत त्वचारोग आणि गुप्तरोग एकाच विभागात पाहिले जातात ते उगाच नव्हे. नायट्याची खात्री करायला मात्र फारसा खर्च येत नाही. चट्ट्याच्या कडेचे खवले बोथट पात्याने खरवडून काचपट्टीवर घ्यायचे, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडायचा आणि किंचित ऊब द्यायची. कातडीच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या कडा ओलांडत गेलेले बुरशीचे फाटे फुटलेले तंतू दिसतात. ती इंडोटिनीच आहे का, हे मात्र यातून कळत नाही. त्यासाठी जनुकीय क्रम वाचावा लागतो आणि ती सोय मोजक्याच प्रयोगशाळांत आहे.

टर्बिनाफिन अनेकदा निष्फळ ठरत असल्याने सध्या उपचारांचा बराचसा भार इट्राकोनाझोलवर आहे. त्याच्या कॅप्सूल जेवणासोबत घ्याव्या लागतात, कारण पोटात पुरेसे आम्ल नसेल तर औषध नीट शोषले जात नाही. पित्तासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या गोळ्या नेमके हेच आम्ल कमी करतात. उपचार कित्येक आठवडे चालतात आणि घरातल्या इतर बाधितांनाही बरोबरीनेच औषध द्यावे लागते. इट्राकोनाझोल ज्या विकरावर काम करते, त्याच्या जनुकाच्या जादा प्रती बाळगणारे इंडोटिनीचे नमुनेही आता सापडू लागले आहेत.